देवडीवरची माणसे: फैजाबादच्या दोन ख्वाजासरांचे प्रकरण (१७८२)

२० जानेवारी १७८२ रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा अवध दरबारातील रेसिडेंट, म्हणजे निवासी प्रतिनिधी, नॅथॅनियल मिडलटन याने फैजाबादेत पहाऱ्यावर असलेल्या एका इंग्रज लेफ्टनंटला मोजक्या ओळींची चिठ्ठी लिहिली. हुलासराय नावाचा माणूस ही चिठ्ठी घेऊन येईल, ती हाती पडताच दोन्ही कैद्यांच्या पायांत बेड्या ठोकाव्यात आणि आदल्या दिवशीच्या सूचनेप्रमाणे त्यांना अन्न मिळू देऊ नये, असा तिचा आशय होता. हे दोन कैदी म्हणजे जवाहिर अली खान आणि बहार अली खान. दोघेही ख्वाजासरा, म्हणजे बालपणीच खच्ची केलेले, राजघराण्यातील जनान्याच्या आणि कारभाराच्या सेवेत असलेले पुरुष होते. त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात गुन्हा शाबीत झालेला नव्हता आणि कंपनीचे कर्जही त्यांच्या नावावर नव्हते. पैसे मागितले जात होते ते त्यांच्या धनीण, म्हणजे अवधच्या नवाबाची आई बहू बेगम यांच्याकडून, आणि बेड्या मात्र पडल्या या दोघांच्या पायांत. असे का झाले, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. जुन्या संस्कृतींनी खोजांना नेमके कोणते काम दिले होते, हे मला या एका घटनेतून जितके स्वच्छ दिसते तितके पदांच्या आणि पदव्यांच्या लांबलचक याद्यांतून दिसत नाही.

शब्द आणि माणसे

आधी शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण मराठीत या बाबतीत बराच गोंधळ आहे. 'ख्वाजा' हा फारसी शब्द मुळात मानाचा आहे. धनी, प्रतिष्ठित गृहस्थ असा त्याचा अर्थ. 'सरा' म्हणजे वाडा. वाड्यातल्या या अधिकाऱ्याला आदराने ख्वाजासरा म्हटले जाई आणि त्याचेच मराठी रूप 'खोजा' झाले. मुंबईतल्या खोजा या व्यापारी समाजाचे नावही त्याच ख्वाजा शब्दावरून आलेले आहे, पण त्याचा खच्चीकरणाशी काहीही संबंध नाही. त्याचप्रमाणे ख्वाजासरा आणि हिजडा हे दोन वेगळे वर्ग होते. हिजड्यांची स्वतःची गुरुपरंपरा, वस्त्या आणि बधाई मागण्याचा हक्क होता. ख्वाजासरा हा पुरुषी वेशात वावरणारा, पुरुषी पदव्या धारण करणारा दरबारी माणूस असे. मूळची त्याची स्थिती बहुधा गुलामाची असली तरी त्याच्या हाताखाली फौज असू शकत होती आणि त्याच्या नावावर जमीनही चढू शकत होती.

ही मुले येत कोठून, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही, कारण पुढच्या सगळ्या वैभवाच्या तळाशी एका मुलावर केलेला घाव आहे. युद्धात पकडलेली, दुष्काळात विकलेली, कधी बंडखोरांच्या घरातून उचललेली अशी ही मुले असत. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की बंगालच्या सिल्हट भागात काही लोक सरकारी सारा भरण्याऐवजी आपल्या मुलांपैकी काहींना खच्ची करून सुभेदाराच्या हवाली करतात. ही प्रथा बंद करण्याचा हुकूमही त्याने काढला. खोजांची मागणी मात्र दरबारांत कायम राहिली, कारण दरबाराची घडीच अशी होती की त्यांच्यावाचून तिचे चालत नव्हते.

देवडी

देशावरच्या जुन्या वाड्यांत देवडी असते. दिंडी दरवाजातून आत शिरले की दोन्ही बाजूंना ओटे, त्यावर पहारेकरी; आलेला माणूस तिथे थांबतो, वर्दी आत जाते आणि आतला निरोप तिथूनच बाहेर येतो. उत्तरेतली 'ड्योढी' ती हीच. ज्या समाजात राजघराण्यातील स्त्री परपुरुषाच्या नजरेस पडत नाही, पण तिच्या नावावर परगणे, खजिना आणि सैन्य असते, तिथे या देवडीवर असा कोणीतरी लागतो की ज्याला आतही जाता येते आणि बाहेरही. बायजंटाईन सम्राटांच्या शयनगृहाचे अधिकारी, चीनच्या मिंग दरबारातले खोजे, ऑटोमन सुलतानांच्या जनान्याचा मुख्य आगा, या सगळ्यांची सत्ता याच उंबरठ्यावर उभी होती. त्या उंबरठ्यावरून काही फार लांब गेले. नार्सेस याने ५५२ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या सैन्याचे नेतृत्व करून इटलीत गॉथांचा राजा टोटिला याचा पराभव केला. झेंग हे याने १४०५ ते १४३३ या काळात सात सागरी मोहिमा काढून चिनी गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेली. ऑटोमन आगाच्या देखरेखीखाली तर मक्का आणि मदिना येथील धर्मादाय मिळकतींचा कारभार होता.

हे सर्व खरे असले तरी, ज्याला आपले घर नाही, मूलबाळ नाही, तो धन्याशी एकनिष्ठ राहतो म्हणून राजे खोजांवर विसंबत, हे पुस्तकांतून पुनःपुन्हा येणारे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. अवधच्याच इतिहासात त्याला छेद देणारे उदाहरण आहे. १७७६ मध्ये बसंत अली खान या ख्वाजासरा सेनानीने नवाब आसफउद्दौलाचा कारभारी मुख्तारउद्दौला याला इटाव्याच्या छावणीत ठार केले आणि त्याच दिवशी तो स्वतःही मारला गेला. त्याच काळात अल्मास अली खान हा ख्वाजासरा अवधचा सर्वांत मोठा इजारदार, म्हणजे साऱ्याचा मक्तेदार, बनला; मोठमोठ्या मुलखाची वसुली त्याच्या हाती होती आणि नवाबालाच त्याची मर्जी राखावी लागे. या माणसांना घर नव्हते असेही नाही. ते चेले जोडत, मुले दत्तक घेत, जन्मघरच्या आप्तांना शोधून नोकरीला लावत. तेव्हा फैजाबादच्या दोघांची निष्ठा त्यांच्या शरीरावरच्या घावातून आपोआप निपजली होती असे मानले, तर त्यांनी जे सोसले त्याचे मोलच आपण काढून घेतो.

बेगमेचा खजिना

मराठी वाचकाला नवाब शुजाउद्दौला पानिपतामुळे परिचित आहे. अब्दालीच्या बाजूने लढलेला, पण विश्वासरावांच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून खटपट करणारा हा नवाब पुढे १७६४ मध्ये बक्सरला इंग्रजांकडून पराभूत झाला आणि अलाहाबादच्या तहान्वये त्याच्यावर ५० लाखांची खंडणी बसली. त्या वेळी नातलगांनी आणि सरदारांनी हात आखडता घेतला. पत्नी बहू बेगम यांनी मात्र जवळचे होते नव्हते ते दिले, नाकातली नथसुद्धा काढून दिली, असे सांगतात. त्यानंतर शुजाने आपली शिल्लक त्यांच्याकडे ठेवण्यास सुरुवात केली. जानेवारी १७७५ मध्ये तो वारला तेव्हा फैजाबादच्या जनान्यात मोठा खजिना होता, आणि गोंडा, सलोन यांसारखे परगणे बेगमेच्या जहागिरीत होते.

या जहागिरीचा कारभार म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. परगण्यावर अंमलदार नेमायचे, त्यांचे हिशेब तपासायचे, शिबंदीचा पगार वाटायचा, तक्रारी ऐकायच्या, नवाबाच्या आणि रेसिडेंटच्या पत्रांना उत्तरे द्यायची. बेगम मोती महालात पडद्याआड बसत. कागद आत नेणारा, वाचून दाखवणारा, त्यांचा शब्द बाहेर आणणारा आणि त्यांच्या वतीने बोलणारा माणूस ख्वाजासरा असे. जवाहिर अली खान हे या कारभाराचे प्रमुख होते, आणि बहार अली खान हे त्यांच्या बरोबरीचे विश्वासू. जवाहिर अली खान यांच्या पदरी असलेल्या मुहम्मद फैजबख्श या मुनशीने पुढे फारसीत फैजाबादचा इतिहास लिहिला. या प्रकरणाची हकिगत देवडीच्या आतल्या बाजूने सांगणारा तो दुर्मिळ लेखक असल्यामुळे त्याचे महत्त्व कंपनीच्या दप्तरापेक्षा कमी नाही.

शुजाचा मुलगा आसफउद्दौला गादीवर येताच त्याने राजधानी लखनौला हलवली आणि आईकडे पैशाचा तगादा लावला. बेगमेने आधी २६ लाख दिले होते. १७७५ मध्येच आणखी ३० लाख देऊन त्यांनी करार करून घेतला की यापुढे त्यांच्या खजिन्याला आणि जहागिरीला हात लावला जाणार नाही. या करारावर कंपनीची हमी होती. पुढे जे घडले ते या हमीच्या पार्श्वभूमीवर वाचावे लागते.

वाटाघाटी नकोत

१७८१ च्या ऑगस्टमध्ये बनारसचा राजा चेतसिंग याच्याविरुद्ध कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने केलेली कारवाई अंगलट आली, बंड पसरले आणि हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. कंपनीला पैशाची तीव्र निकड होती आणि आसफउद्दौलाकडे तिची मोठी बाकी थकली होती. सप्टेंबरमध्ये चुनार येथे दोघांचा तह झाला आणि नवाबाला जहागिरी परत घेण्याची मुभा मिळाली. याच भेटीत नवाबाने हेस्टिंग्जला १० लाखांचा नजराणाही देऊ केला. बेगमांनी, म्हणजे बहू बेगम आणि त्यांच्या सासू नवाब बेगम यांनी, चेतसिंगाला मदत केली असा आरोप ठेवण्यात आला आणि त्याला आधार म्हणून कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश सर इलायजा इम्पी याने लखनौला येऊन प्रतिज्ञापत्रे गोळा केली. अवध हा त्याच्या न्यायालयाच्या कक्षेत येतच नव्हता. बेगमेच्या ख्वाजासरांनी चेतसिंगासाठी माणसे भरती केली असे कर्नल हॅने याचे म्हणणे होते; पण बंडाच्या गडबडीत टांड्याला अडकलेल्या कॅप्टन गॉर्डन या इंग्रज अधिकाऱ्याने सुटकेबद्दल बेगमेच्या बाजूचे आभार मानल्याचे पत्रही दप्तरात होते, आणि आरोपाच्या वेळी त्याची आठवण कोणाला झाली नाही.

नवाब मनातून कचरत होता. मिडलटनने त्याला पुढे रेटले. बेगमा पूर्णपणे नवाबाच्या मुठीत येईपर्यंत कोणतीही वाटाघाट किंवा सवलत चालू देऊ नये, अशी हेस्टिंग्जची ताकीद होती. जानेवारी १७८२ च्या दुसऱ्या आठवड्यात नवाब आणि रेसिडेंट फौजेसह फैजाबादेत दाखल झाले आणि शहर व वाड्याचा कोट ताब्यात घेतला गेला. रक्तपात जवळजवळ झाला नाही. आता कंपनीची फौज त्या देवडीपाशी उभी होती आणि तिथेच तिची वाट खुंटली, कारण पडद्याआड घुसणे म्हणजे नवाबाची स्वतःची आई आणि आजी यांची बेअब्रू करणे होते, आणि ती गोष्ट अवधच्या एकाही शिपायाने सहन केली नसती.

पुढे याचा जाब देताना मिडलटनने स्वतःच लिहिले की या देशात स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नसल्याने, आपण वापरला त्याहून अधिक कडकपणा त्यांच्याबाबत वापरता आला नसता. त्याने दिलेली ही सबब माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. बेगमेच्या शरीराला हात लावता येत नव्हता, पण बेगमेचा शब्द ज्यांच्या मुखातून बाहेर येत होता त्यांच्या शरीराला लावता येत होता. ख्वाजासरा जनान्याचा भाग होते, म्हणून त्यांना झालेली इजा आत पोहोचत होती. आणि ते पुरुष होते, गुलामाच्या स्थितीतून वर आलेले होते, म्हणून त्यांना इजा करण्यात कोणाला संकोच नव्हता. देवडीवर उभे राहण्याच्या ज्या सोयीमुळे त्यांना अधिकार मिळाला होता, त्याच सोयीमुळे ते वेठीला धरण्याजोगे ठरले.

बेड्यांचे महिने

बेड्या आणि उपासमारीचा परिणाम झाला. बेगमेने खजिना उघडला आणि फेब्रुवारी अखेरपर्यंत सुमारे ५५ लाख रुपये नवाबाच्या हातून कंपनीच्या पदरात पडले. एवढ्यावर सुटका व्हायला हवी होती, पण उरलेल्या रकमेसाठी दोघा ख्वाजासरांकडून सुमारे ६ लाखांचा रोखा लिहून घेण्यात आला होता. या रोख्याने धनिणीचे देणे सेवकाच्या मानगुटीवर बसले आणि कैद लांबत गेली.

१८ मे १७८२ रोजी पहाऱ्यावरचा अधिकारी कॅप्टन जॅक्स याने मिडलटनला कळवले की दोन्ही कैदी फार आजारी दिसतात. औषध घेता यावे आणि कैदेच्या जागेतल्या बागेत थोडे फिरता यावे म्हणून काही दिवस बेड्या काढाव्यात अशी त्यांनी विनंती केली आहे. मजकूर अगदी साधा आहे. एकेकाळी परगण्यांचे हिशेब ज्यांच्या सहीने मिटत, ती माणसे बागेत चार पावले टाकण्याची परवानगी मागत होती. उत्तर नकाराचे आले. पुढे त्यांना लखनौला हलवण्यात आले आणि तिथे रेसिडेन्सीतून पहाऱ्याच्या अधिकाऱ्याला पत्र गेले की नवाबाने कैद्यांना शारीरिक शिक्षा करण्याचे ठरवले आहे, तरी त्याची माणसे येतील तेव्हा त्यांना कैद्यांपर्यंत जाऊ द्यावे आणि त्यांना योग्य वाटेल ते करू द्यावे. त्या खोलीत पुढे नेमके काय झाले ते कागदावर आलेले नाही, पण असे पत्र लिहिणाऱ्याला ते ठाऊक असणार, आणि ते कंपनीच्या नावावर पडू नये ही काळजीही त्याच्या शब्दाशब्दांत दिसते.

याच सुमारास फैजाबादेत खुर्द महालातल्या, म्हणजे शुजाच्या इतर स्त्रियांच्या वाड्यातल्या, बायकामुलांची रसद तुटली. भुकेने व्याकूळ झालेल्या या स्त्रिया रात्री गच्चीवर चढून आक्रोश करत, असे पहाऱ्यावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच वरिष्ठांना कळवले आहे. देवडीचा माणूस तुरुंगात असला की आतल्या चुलीपर्यंत काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही, याचा हा पुरावा समजावा.

सुटका झाली ती डिसेंबर १७८२ मध्ये, मिडलटनच्या जागी ब्रिस्टो रेसिडेंट म्हणून आल्यानंतर. बेड्या निघाल्या तेव्हा दोघांचे ओठ थरथरत होते आणि गालांवरून आनंदाश्रू वाहत होते, असे हजर असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले आहे.

निष्ठेचा हिशेब

या दोघांनी अकरा महिने का सोसले, याचे उत्तर देताना मी भाबडेपणा टाळू इच्छितो. त्यांचे स्वतःचे वैभव बेगमेच्या जहागिरीवर उभे होते. त्या बुडाल्या असत्या तर हेही बुडाले असते. तरीही फुटण्याचा मार्ग त्यांना खुला होता, आणि नवाबाच्या बाजूला जाऊन मोठी पदे मिळवलेले ख्वाजासरा त्यांनी पाहिले होते. तो मार्ग त्यांनी धरला नाही. बेगमेनेही त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, खजिन्याची दारे उघडली ती याच दोघांच्या हालांमुळे. धनीण आणि सेवक यांच्यातले हे नाते केवळ मालकीचे म्हणता येत नाही, आणि केवळ प्रेमाचे म्हटले तर त्या मुलांवर झालेला घाव विसरल्यासारखे होते. दोन्ही एकाच वेळी खरे होते, असेच मी म्हणेन.

लंडनमध्ये हे प्रकरण गाजले ते वेगळ्या अंगाने. ७ फेब्रुवारी १७८७ रोजी खासदार रिचर्ड शेरिडनने हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, हेस्टिंग्जवर महाभियोग चालवण्याच्या मागणीसाठी, अवधच्या बेगमांच्या छळावर साडेपाच तासांहून अधिक वेळ भाषण केले आणि हा आरोप १७५ विरुद्ध ६८ मतांनी मंजूर झाला. १७८८ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याने चार दिवस तोच विषय मांडला. बेड्यांची चिठ्ठी आणि बागेत फिरण्याच्या विनंतीचे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले ते या महाभियोगामुळे, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्या सभागृहात अश्रू ढाळले गेले ते मुख्यतः आई आणि मुलाच्या नात्यासाठी. ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांची साक्ष तिथे झाली नाही. २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून मुक्त झाला.

जवाहिर अली खान पुन्हा बेगमेच्या कारभारावर रुजू झाले आणि १७९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्यामागून दराब अली खान या दुसऱ्या ख्वाजासराने तो कारभार सांभाळला. बेगमेने हयातीतच आपली संपत्ती कंपनीच्या हवाली करून तिच्या व्याजातून नातलगांचे आणि आश्रितांचे वसिके, म्हणजे वंशपरंपरागत तनखे, लावून घेतले. ज्यांनी एकदा हमी मोडली त्यांच्याकडूनच दुसरी हमी लिहून घेण्याशिवाय त्यांच्यापुढे पर्याय उरला नव्हता. स्वतःच्या कबरीसाठी त्यांनी ३ लाख रुपये बाजूला ठेवले होते आणि त्यांच्या पश्चात दराब अली खान यांनी फैजाबादच्या जवाहिरबागेत मकबऱ्याचे काम सुरू केले.

१८५६ मध्ये अवध खालसा झाल्यावर या वर्गाचा आश्रयच संपला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात इंग्रज सरकारने ख्वाजासरा आणि हिजडे यांच्यातला भेद पुसून टाकला आणि संशयितांची नावे, पत्ते व मालमत्ता यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. त्या वहीत नाव चढलेल्या माणसाला अज्ञान मुलाचे पालक होता येत नव्हते, दत्तक घेता येत नव्हते, बक्षीसपत्र करता येत नव्हते आणि मृत्युपत्रही लिहिता येत नव्हते. बहू बेगमेच्या मकबऱ्याचे उरलेले बांधकाम त्याआधीच्या काही दशकांत रखडत रखडत पुरे झाले होते.